उजव्या काठावरची उघडी जमीन

नकाशा कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत, बाई बावीस वर्षं एकाच नदीकडे बघत बसल्या होत्या. गंमत अशी की त्यांच्या खिडकीतून नदी दिसत नव्हती. खिडकीतून दिसायची शेजारच्या इमारतीची भिंत आणि तिच्यावरचे पाण्याचे पाइप. नदी दिसायची ती पडद्यावर, शेकडो किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहाने काढलेल्या चित्रात.

त्या चित्रात हिरवळ लाल दिसते. झाडाच्या पानांवरून परतणारा जो उजेड आपल्या डोळ्यांना कळत नाही तो उपग्रहाला कळतो, आणि तो दाखवायला लाल रंग वापरतात. पाणी काळं, घरं निळसर, उघडी जमीन राखाडी. नवीन आलेल्या प्रत्येकाला बाई हे एकदाच सांगत. दुसऱ्यांदा विचारलं की त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

काम सांगायला सोपं होतं. चित्र म्हणजे तीस मीटर लांब आणि तीस मीटर रुंद अशा चौकोनांची जाळी. प्रत्येक चौकोनाला एक ते सहा यांतला एक आकडा द्यायचा. एक म्हणजे पाणी, दोन वाळू, तीन झाडी आणि गवत, चार शेती, पाच बांधकाम, सहा उघडी जमीन. मग या वर्षीचा नकाशा गेल्या वर्षीच्या नकाशावर ठेवायचा आणि काय बदललं ते पाहायचं. नदी कुठे सरकली, झाडी कुठे गेली, घरं कुठे आली. करायला बसलं की मात्र मान मोडायची. सरकार बदललं, साहेब पाच बदलले, कार्यालयाचा रंग दोनदा बदलला, पण नदीकाठचा नकाशा दरवर्षी ठरल्या दिवशी बाईंच्या टेबलावरून निघायचा.

त्यात एक नियम बाईंचा स्वतःचा होता. चित्र दरवर्षी एकाच महिन्यातलं घ्यायचं. थंडी सरते, ऊन चढायला लागतं आणि आभाळात औषधालाही ढग नसतो, तो महिना. मुलाची उंची आपण दरवर्षी एकाच दाराच्या चौकटीला टेकवून मोजतो, एकदा दाराला आणि एकदा उंबऱ्यावर उभं करून मोजत नाही, असं त्या म्हणत. नियम बिनतोड होता. दुसऱ्या कार्यालयांनीही तो उचलला, आणि बाईंना त्याचा अभिमान होता. का नसावा?

बाईंचे यजमान त्याच कार्यालयात होते. त्यांना सगळे चिखलराव म्हणत, कारण ते नेहमी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले असत. बाईंनी नकाशा केला की त्यावरचे शंभर ठिपके निवडले जात, आणि चिखलराव पायी त्या शंभर जागी जाऊन तिथे खरोखर काय आहे ते वहीत लिहून आणत. दोघांचं जुळलं तर नकाशा बरोबर. शंभरातले पंचाऐंशी जुळले तरी चालायचं. नवऱ्याने बायकोचं काम तपासायचं आणि संध्याकाळी तिच्याच हातचं जेवायचं, असं धाडस त्या कार्यालयात दुसऱ्या कुणी केलं नसतं.

संसार मात्र सुखाचा झाला. चिखलरावांचे बूट घराबाहेर राहायचे आणि बाईंचा राग दारातच. "काय म्हणते बाईसाहेबांची नदी?" ते हात धुता धुता विचारत. "सरळ वाहतेय. तुम्ही मध्ये पाय घालू नका," बाई म्हणत. एक मुलगी झाली. ती लहानपणी बापाच्या खांद्यावर बसून नदीवर जायची आणि येताना फ्रॉक असा करून यायची की बाई दोघांनाही अंगणातच उभं करून पाणी ओतायच्या.

भांडण एकाच जागेवरून व्हायचं. जुन्या पुलाच्या खाली, नदीच्या उजव्या काठाला पाच किलोमीटरचा दलदलीचा पट्टा होता. बाईंच्या पडद्यावर तो राखाडी दिसायचा, म्हणून त्या सहा लिहीत. चिखलराव म्हणत, तिथे पाणकणीस आहे. पाणकणीस म्हणजे दलदलीत उगवणारं, माणसाच्या डोक्यावरून जाणारं गवत. त्याच्या लांब पात्यांच्या चटया विणतात. काठावरच्या वस्तीतली चाळीसएक घरं त्याच चटयांवर जगत होती.

"असतील कुठेतरी चार काड्या," बाई म्हणत. "पडद्यावर जे नाही ते मी कुठून लिहू?"

"अगं, पडदा म्हणजे काय देवाचा डोळा आहे का?"

पण असले ठिपके थोडे असायचे आणि शंकेचे म्हणून बाजूला काढता यायचे. मोजणीतून ते वगळले की नकाशा पास. अशी वर्षं गेली. मग एका सकाळी चिखलराव बूट घालायला वाकले ते उठलेच नाहीत. मुलगी तेव्हा पंधरा वर्षांची होती. पंधराव्या दिवशी बाई कामावर हजर झाल्या. चिखलरावांच्या जागी कुणाला नेमलं नाही. चित्रं आता चांगली स्पष्ट येतात, बाईंची नजर पक्की आहे, मग पायी फिरायचा खर्च कशाला, असं तेव्हाच्या साहेबांनी ठरवलं. बाईंनीही हरकत घेतली नाही. दुसऱ्या कुणाच्या हातात ती वही पाहणं त्यांच्या जिवावर आलं असतं.

आता बाईंच्या निवृत्तीला सात आठवडे उरले होते. बावीस वर्षांचे नकाशे एकत्र छापून त्यांचं मोठं पुस्तक निघणार होतं आणि वर बाईंचं नाव येणार होतं. त्याच सुमारास उजव्या काठावर सिमेंटची भिंत आणि तिच्या मागे रस्ता करायचं ठरलं. अट एकच होती. तिथली पाणथळ हिरवळ नष्ट होता कामा नये. कार्यालयाने दाखला दिला: गेल्या बावीस वर्षांत या पट्ट्यात हिरवळ आढळलेली नाही, जमीन उघडी आहे. खाली सही बाईंची.

दाखल्यावर हरकती ऐकायला सुनावणी लागली. खालच्या मजल्यावरच्या सभागृहात, लाकडी खुर्च्यांवर. पंचवीसएक माणसं वस्तीतून आली होती. त्यांच्यातली एक म्हातारी पुढे आली. तिच्या बोटांना चिरा होत्या आणि त्यांत काळं भरलेलं होतं. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही.

"बाई, तुमचा तो फोटो वर्षातून किती वेळा निघतो?" तिने विचारलं.

"निघतो पुष्कळदा. आम्ही वापरतो एक. दरवर्षी त्याच महिन्यातला." आणि बाईंनी महिना सांगितला.

म्हातारीने मागे वळून आपल्या माणसांकडे पाहिलं. मग पुन्हा बाईंकडे.

"अहो, त्याच्या आदल्या महिन्यात आमची कापणी असते. आम्ही सगळं कापून नेतो आणि खाली उरलेलं पेटवून देतो, म्हणजे नवं जोरात येतं. आमची सासू तसंच करायची, तिची सासूही. तुम्ही माणसाचा फोटो दरवेळी हजामत झाल्यावरच काढणार, आणि वर म्हणणार, याला दाढी येतच नाही!"

सभागृह हसलं. अधिकारीसुद्धा हसले. बाई हसल्या नाहीत. म्हातारीचं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांना कळलं होतं की ती खरं बोलतेय. अधिकाऱ्यांनी आठवड्याची मुदत दिली आणि कार्यालयाला खुलासा करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी इतर महिन्यांची चित्रं काढली. बावीस वर्षांत त्यांनी ती उघडलीच नव्हती, कारण त्यांत ढग होते आणि ढगांचं चित्र कामाचं नसतं. पण ढगांना भोकं असतात. एका भोकातून उजव्या काठाचा तुकडा दिसला. लालभडक. पुढच्या महिन्यात दुसरा तुकडा, तोही लाल. त्यांनी बारा महिने ओळीने लावले आणि पाहिलं. पाच किलोमीटरचा पट्टा हळूहळू लाल होत जायचा, दाट व्हायचा, आणि त्यांच्या त्या बिनतोड महिन्याच्या जरासा आधी एकदम राखाडी पडायचा. दरवर्षी. बावीस वेळा. आभाळ कोरडं झालं की उपग्रहाला दिसायला लागतं आणि आभाळ कोरडं झालं की माणसं कापणीला उतरतात, एवढी साधी गोष्ट होती. जिला काठावरचं कुत्रंही ओळखत होतं ती गोष्ट बाईंना माहीत नव्हती.

मग त्या तळघरात गेल्या. चिखलरावांच्या दहा वह्या तिथल्या कपाटात होत्या. त्यांनी त्या तिथल्याच झरोक्याच्या उजेडात नेल्या आणि प्रत्येकीतलं उजव्या काठाचं पान काढलं.

पहिल्या वर्षी लिहिलं होतं: "पाणकणीस, नुकतंच कापून जाळलेलं. खुंट ओले. वर्ग सहा नको, तीन हवा. घरी सांगितलं." दुसऱ्या वर्षी: "तसंच. वस्तीतल्यांनी कापणीची तारीख सांगितली. पुन्हा सांगितलं." चौथ्या वर्षी: "महिना बदलून पाहायला हवा. सांगितलं. चिडली." सातव्या वर्षी फक्त: "तीन हवा." आठव्या आणि नवव्या वर्षी तेवढंच. अक्षर तेच, मोठं आणि डावीकडे झुकलेलं. दहाव्या वर्षी, उजव्या काठाच्या अठराही ठिपक्यांपुढे, एकाखाली एक: सहा, सहा, सहा. खाली सही.

ही गोष्ट बाई विसरल्या होत्या असं म्हणणं खोटं होईल. त्या तिच्या वाटेला जात नव्हत्या, एवढंच. त्या वर्षी नियम बदलला होता. शंकेचे ठिपके वगळता येणार नव्हते, आणि नेमके अठरा ठिपके उजव्या काठावर पडले होते. ते चुकले असते तर नकाशा पंचाऐंशीच्या खाली गेला असता, नापास झाला असता, आणि नऊ वर्षांची सलग मालिका तुटली असती. बाईंनी स्वयंपाकघरात, भाजी चिरता चिरता, नवऱ्याला सांगितलं होतं, "एवढ्या वर्षी सहा लिहा. माझ्यासाठी." ते खुर्चीवर बसून राहिले. दुसऱ्या दिवशी काठावर गेले आणि लिहून आणलं. दर रविवारी ते बूट घासून ठेवत; त्या रविवारी बूट तसेच चिखलाने भरलेले पडून होते, हे बाईंना आत्ता आठवलं. पाच महिन्यांनी ते गेले. त्यानंतर त्यांच्या हातची वही नव्हतीच.

तळघरात बाईंना रडू आलं. त्या मोठ्याने रडल्या, वह्या ओल्या होऊ नयेत म्हणून तोंड फिरवून रडल्या.

साहेबांना त्यांनी सगळं सांगितलं. लपवलं काहीच नाही. साहेब तरुण होते, वाईट नव्हते. त्यांना भिंतही हवी होती आणि बाईंचं पुस्तकही. त्यांनी दहावी वही चाळली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाई, हे तर उत्तमच आहे. जागेवर जाऊन पाहणाऱ्यानेच सहा लिहिलंय, सहीनिशी. आपण हे एकच पान जोडायचं. उद्या चूक निघालीच, तर ती पाहणी करणाऱ्याची. तुमच्या नकाशाला धक्का नाही."

"पाहणी करणारा माझा नवरा होता."

"माहीत आहे मला. पण ते आता... म्हणजे त्यांना आता काय फरक पडणार आहे? आणि बाकीच्या वह्या कुणी मागितलेल्याच नाहीत."

बाईंनी वही परत घेतली. विचार करते म्हणाल्या. खोटं कशाला, त्यांनी खरंच विचार केला. सात आठवडे, मग पुस्तक, मग निवांत घर. बावीस वर्षांच्या कामावर पाणी सोडणं कुणालाही सोपं नसतं. आणि दुसरीही एक अडचण होती. ती घरी होती.

मुलगी आता सत्तावीस वर्षांची होती आणि दातांच्या दवाखान्यात काम करत होती. बापाचं नाव निघालं की तिचा आवाज बदलायचा. "बाबांनी आयुष्यात एक खोटी ओळ लिहिली नाही," हे तिचं ठरलेलं वाक्य होतं. कुणी उगाच थाप मारली की ती ते तोंडावर फेकायची. नऊ वह्या पुढे ठेवायच्या तर दहावीही ठेवावी लागणार, आणि मग ते वाक्य तिला पुन्हा म्हणता येणार नव्हतं.

सुनावणीच्या आदल्या दिवशी, मुलगी कामावरून आल्यावर, बाईंनी दहाही वह्या जेवणाच्या टेबलावर ठेवल्या. मुलीने ओळीने वाचल्या. "चिडली" पाशी ती हसली. दहाव्या वहीपाशी थांबली.

"हे बाबांचं नाही. म्हणजे, अक्षर त्यांचंय. पण असं का लिहिलं?"

"मी सांगितलं म्हणून."

मुलीने वर पाहिलं नाही. बोट त्या आकड्यांवरून खाली खाली गेलं.

"अठरा वेळा," ती म्हणाली. "अठरा वेळा लिहायला लावलंस तू त्यांना."

"हो."

"आणि हे मला आत्ता सांगतेयस. उद्या सगळ्यांना कळणार म्हणून."

याचंही उत्तर "हो" असंच होतं, आणि एकदा म्हणून झालं होतं. मुलगी उठून आतल्या खोलीत गेली. ती रागावली होती आणि तिला रागवायचा हक्क होता. बाईंनी दहाही वह्या पिशवीत भरल्या. एक बाहेर ठेवावी, असं त्यांना क्षणभर वाटलं, पण ठेवली नाही.

सकाळी त्या चप्पल घालत होत्या तेव्हा मुलगी तयार होऊन बाहेर आली. "मी रजा घेतलीय," एवढंच म्हणाली. पिशवी तिने उचलली. बसमध्ये दोघी शेजारी बसल्या.

सभागृहात साहेबांनी खुलासा वाचायला कागद हातात घेतला, तोच बाई उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून वह्या काढल्या आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर एकेक मांडल्या. साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. बाईंनी पहिल्या वहीतलं पान वाचलं. मग दुसऱ्या. "चिडली" हा शब्दही वाचला, गाळला नाही. वस्तीतली माणसं पुढे सरकून ऐकत होती. म्हातारी शेजारच्याला हळूच म्हणाली, "तो मोठ्या बुटांचा माणूस. दरवर्षी यायचा. आमच्याकडे चहा घ्यायचा." मुलगी तिच्या मागच्याच खुर्चीवर होती. तिने ते ऐकलं.

मग बाईंनी दहावी वही वाचली. सहा, सहा, सहा. अठराही. एकही आकडा न गाळता. वाचताना प्रत्येक आकड्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"जमीन उघडी नव्हती," त्या म्हणाल्या. "कधीच नव्हती. बावीसही नकाशांत उजवा काठ चुकलेला आहे, आणि ती चूक माझी आहे. माझा दाखला मी मागे घेते."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांनी लेखनिकाला सांगितलं, "लिहून घ्या. दाखला रद्द. बाराही महिन्यांची चित्रं पाहून आणि जागेवर जाऊन नवा नकाशा होईपर्यंत काठावर एक दगडही हलवायचा नाही. जुन्या नकाशांचं पुस्तक छापू नये."

वस्तीतल्या माणसांना पहिल्यांदा समजलंच नाही. म्हातारीला समजलं, आणि ती तेव्हा खुर्चीवर बसली.

लेखनिक वहीवर वाकून भराभर लिहीत होता. एका रकान्यापाशी तो अडला. त्याने लेखणी कानामागे खोचली, पुन्हा काढली, आणि अवघडून बाईंकडे पाहिलं.

"बाई, दहाव्या वहीतली चुकीची नोंद. इथे कारण लिहावं लागतं. पाहणी करणारे तर हयात नाहीत. काय लिहू? नजरचूक लिहितो, चालेल?"

"नजरचूक नव्हती ती," बाई म्हणाल्या. "त्यांना नीट दिसत होतं. लिहा, बायकोने विनवलं म्हणून."

लेखनिकाची लेखणी कागदावर थबकली. त्याने अधिकाऱ्यांकडे पाहिलं.

"लिहा की," मागच्या रांगेतून मुलगी म्हणाली. "आई सांगतेय तसंच लिहा."